काळी कड

पाककृतींची पुस्तके एका ठरावीक ठिकाणी संपतात. 'साचा गार झाला की केक अलगद ताटलीत उतरवून घ्यावा', हे वाक्य आले की पुस्तकाचे काम संपले. शेजारच्या पानावर त्या केकचे रंगीत छायाचित्र असते. त्यात साचा कधीही दिसत नाही. तो त्या वेळी मोरीत पडलेला असतो. त्याच्या तळाला पिठाची खरपुडी धरलेली असते, कडेने साखरेचा पाक वाळून काचेसारखा कडक झालेला असतो आणि बाहेरच्या अंगाला ओघळलेल्या तेलाचे पिवळे-काळे नकाशे उमटलेले असतात. स्वयंपाकाच्या कथेचा हा उत्तरार्ध सहसा कोणी लिहून ठेवत नाही. तो हातांनी केला जातो आणि हातांनीच पुढच्या पिढीला शिकवला जातो.

लग्न होऊन मी पुण्याहून बेंगळुरूला आले, त्याला तीस वर्षे उलटून गेली. हे शहर बेकऱ्यांचे आहे, हे इथे आल्यावर पहिल्या आठवड्यातच नाकाला कळते. हासनकडून आलेल्या एका अय्यंगार कुटुंबाने १८९८ मध्ये चिकपेटेत बेकरी सुरू केली. पुढे 'अय्यंगार बेकरी' ही पाटी शहराच्या गल्लोगल्ली दिसू लागली आणि आज ती कर्नाटकाबाहेरही ओळखीची झाली आहे. मॉस्क रोडवरची अल्बर्ट बेकरी १९०२ सालची. सोवळ्या-ओवळ्याच्या घरांतली माणसे जिथे पाव खायला कचरत असत, तिथे अय्यंगारांच्या हातचा पाव, बन आणि बिस्किटे निःशंकपणे घरात आली. मल्लेश्वरमच्या आमच्या रस्त्यावर संध्याकाळी चारच्या सुमारास भाजल्या जाणाऱ्या लोण्याचा वास दरवळू लागे, तेव्हा शाळेतून परतणारी मुले आपोआप चालीचा वेग वाढवत. अशा गावात घरोघरी केक होऊ लागले यात नवल नाही.

आमच्या घरी ही परंपरा सासूबाईंपासून सुरू झाली. त्या मूळच्या बेळगावच्या. लहानपणी दिवाळीच्या आधी पत्र्याच्या तबकांत नानकटाई मांडून ती गल्लीच्या टोकाच्या बेकरीत भाजून आणण्याचे काम त्यांच्याकडे असे. आपले तबक दुसऱ्याच्या तबकात मिसळू नये म्हणून तबकाखाली कोळशाने खूण करावी लागे, हे त्या फार रंगवून सांगत. १९७४ मध्ये सासरे बदलीवर बेंगळुरूला आले आणि त्या पाठोपाठ संसार घेऊन आल्या. पुढे दोन-चार वर्षांनी घरात ॲल्युमिनियमचा गोल, विजेवर चालणारा ओव्हन आला. त्याच्या झाकणाला काचेची एक वाटोळी खिडकी होती. केक फुगतो आहे की नाही, हे त्या खिडकीतून पाहण्यासाठी घरातली आणि शेजारची मुले रांग लावत. ओव्हनसोबत ॲल्युमिनियमचा एक गोल, उभ्या काठाचा साचाही होता. तो ओव्हन केव्हाच मोडीत गेला. साचा मात्र अजून आमच्याकडे आहे.

सासूबाईंची भांडी घासण्याची पद्धत त्यांच्या बेळगावच्या घरातली होती. लोखंडी तव्याला आणि कढईला चुलीतली चाळलेली राख, तांब्या-पितळेला चिंचेचा कोळ किंवा वापरून झालेली आमसुले, तुपकट भांड्याला आधी बेसनाचा हात आणि मग रिठ्याचे पाणी. घासायला नारळाची शेंडी. कल्हईच्या भांड्याला तार लावायची नाही, नाहीतर कल्हई निघते. ॲल्युमिनियमला राख लावायची नाही, ते काळे पडते. हे सारे त्यांना ठाऊक होते. का, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि त्यांनीही कधी विचारले नव्हते.

त्यांचे एक कारण मात्र पक्के होते. रात्री मोरीत खरकटी भांडी राहू द्यायची नाहीत, घरात लक्ष्मी टिकत नाही. करपलेला साचा तर रात्रभर भिजल्याशिवाय सुटत नाही. या दोन सत्यांचा मेळ त्यांनी मोठ्या शहाणपणाने घातला होता. साच्यातली सुटी खरपुडी त्या लाकडी उलथन्याने काढत, साचा एकदा विसळून घेत आणि मग त्यात पाणी भरून ठेवत. ''भिजत घातलेलं भांडं खरकटं नसतं, ते कामाला लागलेलं असतं,'' असे त्या म्हणत. कडधान्य भिजत घालण्याइतकेच सात्त्विक काम त्यांनी त्या साच्याला देऊन टाकले होते.

करपलेल्या साच्यावर जे बसलेले असते त्याला आपण सरसकट 'डाग' म्हणतो. परंतु तो एक पदार्थ नसतो. त्यात निदान तीन गोष्टी असतात. पहिली साखर. ती तापली की वितळते, तपकिरी होते आणि आणखी तापली की कोळसा होते. तपकिरी असेपर्यंत ती पाण्यात विरघळते, म्हणून गरम पाण्याने सुटते. दुसरी गोष्ट दूध, अंडे आणि पीठ यांतली प्रथिने. साखर आणि प्रथिनांचे घटक उष्णतेने एकमेकांशी संयोग पावतात, त्यातून भाजलेल्या पदार्थाचा रंग आणि खमंगपणा येतो. लुई कामीय मेलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या क्रियेचे वर्णन केले आणि तिला त्याचेच नाव मिळाले. केकच्या पाठीला जो सोनेरी रंग आपण कौतुकाने पाहतो आणि साच्याच्या तळाला जो काळपट थर आपण वैतागून पाहतो, ती एकाच क्रियेची पुढे-मागे असलेली दोन गावे आहेत. तिसरी गोष्ट तेल किंवा तूप. हा सर्वांत चिवट गडी. पातळ थरात पसरलेले तेल वारंवार तापले की त्याचे कण एकमेकांत गुंफले जातात आणि त्याचा कडक, चिकट मुलामा तयार होतो. जवसाचे तेल लाकडी दाराला लावल्यावर वाळून जसे चकचकीत कवच होते, तसेच हे. ते पाण्यात विरघळत नाही आणि साध्या साबणालाही दाद देत नाही.

आता या तिघांवरचा उपाय. साच्यात बोटभर पाणी घालून त्यात दोन चमचे खायचा सोडा टाकावा, दहा मिनिटे मंद आचेवर उकळू द्यावे आणि मग गार होईपर्यंत तसेच ठेवावे. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर आहे. इथे पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळू लागते. तेवढी उष्णता या कामाला पुरते. सोडा अल्कधर्मी असतो. तो प्रथिनांचा थर मऊ करतो आणि तेलाची पकड सैल करतो. जळून कोळसा झालेला भाग कशातही विरघळत नाही. परंतु ज्या थराने तो धातूला चिकटलेला असतो तो थर सैल झाला की कोळसा पापुद्र्यासारखा सुटून येतो. मग लाकडी उलथने पुरते, तारेची घासणी लागत नाही. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्याला बाहेरून तेलाचे डाग असतील तर सोड्यात थोडे पाणी घालून त्याचा लेप लावावा आणि रात्रभर राहू द्यावा. ज्या सोड्याच्या चिमटीने केक फुगतो, तोच सोडा दुसऱ्या दिवशी साचा सोडवतो, ही गोष्ट मला नेहमीच गमतीची वाटते.

पुष्कळजण सोड्यावर व्हिनेगर ओततात. फसफस होते, बुडबुडे येतात, पाहणाऱ्याला वाटते की मोठे काम चालले आहे. वास्तविक आम्ल आणि अल्क एकमेकांचा गुण मारतात आणि मागे राहते ते थोडे खारट पाणी. संसारातही अशी फसफस आपण पाहतो. दोघांचाही उपयोग आहे, पण एकापाठोपाठ एक, मध्ये पाण्याने धुऊन. आधी सोड्याने चिकटा काढावा आणि मागे पांढुरके डाग उरले तर ते लिंबाने किंवा व्हिनेगरने पुसावेत.

ॲल्युमिनियमची गोष्ट मात्र निराळी. हा धातू आपल्या स्वयंपाकघरात इतका रुळला आहे, की तो नवखा आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी विजेच्या साहाय्याने तो स्वस्तात वेगळा करण्याची रीत शोधली, तोवर तो दुर्मिळ आणि महाग होता. त्याच्या अंगावर ऑक्साइडचे एक अतिशय पातळ, पारदर्शक कवच असते. तेच त्याचे रक्षण करते. तीव्र अल्क हे कवच विरघळवतो, धातू उघडा पडतो आणि काळवंडतो. चुलीची राख अल्कधर्मी, धुण्याचा सोडा त्याहूनही तीव्र. सासूबाईंच्या 'ॲल्युमिनियमला राख लावायची नाही' या नियमाचे मूळ इथे आहे. ॲल्युमिनियमच्या साच्यात खायचा सोडाही फार वेळ ठेवू नये. त्याऐवजी पाण्यात चिंचेचा कोळ किंवा पिळून झालेल्या लिंबांच्या साली घालून दहा-पंधरा मिनिटे उकळावे. काळपटपणा उतरतो आणि धातू उजळतो. भट्टी साफ करण्यासाठी बाजारात मिळणारी दाहक द्रावणे या धातूच्या जवळपासही नेऊ नयेत. आणि कोणतेही आम्ल ब्लीचमध्ये मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

न चिकटणाऱ्या मुलाम्याची भांडी आली तेव्हा घासण्याचा प्रश्नच मिटला, असे सर्वांना वाटले होते. १९३८ मध्ये रॉय प्लंकेट या अमेरिकन रसायनतज्ज्ञाला योगायोगाने सापडलेला हा पदार्थ कशालाही चिकटू देत नाही, हे खरे. परंतु तो फार ताप सोसत नाही आणि खरवडणे तर मुळीच सोसत नाही. २६० अंशांपलीकडे त्याला नेऊ नये आणि मऊ फडक्याखेरीज काही लावू नये. तारेच्या घासणीचा एक फटकारा त्याच्या आयुष्याचा शेवट ठरू शकतो. घासायचे भांडे कोणत्या धातूचे आहे, हे ओळखल्याशिवाय घासणी हाती धरू नये, एवढे तात्पर्य यातून निघते.

एका गोष्टीकडे माझे लक्ष सासूबाईंनी वेधले. एकदा पावाची लादी आणायला आम्ही बेकरीत गेलो असताना त्यांनी मला आतल्या फळीवरचे साचे दाखवले. ते काळेभोर होते. ''हे घासत नाहीत,'' त्या म्हणाल्या, ''पुसतात आणि तेलाचा हात फिरवतात. काळे आहेत म्हणून तर पाव सुटून येतो.'' पावाच्या जुन्या साच्यांवर तेलाचा जो थर वर्षानुवर्षे भाजून घट्ट होतो, तोच पावाला चिकटू देत नाही. आपल्या घरातल्या जुन्या बिडाच्या तव्याचेही असेच. त्यावरचा तुळतुळीत काळेपणा हा मळ नसून कमाई असते, आणि एखाद्या उत्साही पाहुण्याने तो तवा घासून 'स्वच्छ' करून दिला, तर पुढचे आठ दिवस घरात डोसा धड उलटत नाही. गडद साचा उष्णता अधिक शोषतो, चकचकीत साचा ती परतवतो. म्हणून नाजूक केक गडद साच्यात केला तर आच थोडी कमी ठेवावी लागते. म्हणजे घासण्याच्या कलेत काय काढायचे याइतकेच काय राहू द्यायचे, हेही कळावे लागते.

आमच्या गोल साच्याच्या आतल्या बाजूला, अगदी वरच्या काठाशी, अशी एक काळी कड आहे. केक तिथवर पोहोचत नाही. तेलाचा हात मात्र दर वेळी पोहोचतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या वाढदिवसांचे तेल तिथे थराथराने बसले आहे. ती काढायची तर धातूच खरवडावा लागेल, म्हणून सासूबाईंनी ती राहू दिली. २०१६ मध्ये त्या गेल्या. मग ती कड तशी राहू देणे हे आमचे काम झाले.

या साऱ्या विद्येत सासूबाईंच्या बरोबरीने, आणि काही बाबतीत त्यांच्याहून अधिक निष्णात असलेली दुसरी व्यक्ती म्हणजे आमच्याकडे कामाला येणाऱ्या अक्का. कन्नडमध्ये थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात; मराठीतही तो शब्द परका नाही. वयाने त्या माझ्याहून मोठ्या. सासूबाईंना त्या अज्जी म्हणत. भांड्यांना कन्नडमध्ये 'पात्रे' म्हणतात. मराठीतल्या 'पात्र' या शब्दाचे ते सख्खे भावंड. ''पात्रे तयार आहेत का?'' असे विचारत त्या सकाळी मागच्या दाराने येत, तेव्हा क्षणभर वाटे, की नाटकातली मंडळी रंगून बसली आहेत आणि पडदा उघडायचा आहे.

अक्कांचे सूत्र एकाच शब्दजोडीत मावते : 'नेने हाकी', म्हणजे भिजत घाला. घाईने घासू लागणाऱ्याला त्या हसतात. त्यांच्या मते भांड्याचे निम्मे काम पाणी करते, पाव काम ऊन करते आणि उरलेले पाव हाताने करायचे असते. करपलेला साचा त्या भिजवून, उपडा करून थोडा वेळ उन्हात ठेवतात. सुकताना खरपुडी आकसते आणि कडा सोडते. मग उलथन्याच्या एका टोकाने ती अख्खी निघते. पुस्तकात हे कुठे वाचल्याचे मला आठवत नाही. त्यांच्या हातांकडे पाहिले, की या ज्ञानाची किंमतही दिसते. बोटांच्या पेरांना भेगा, नखांच्या कडेने सोड्याने खाल्लेली कातडी, तळव्यावरच्या रेषा पुसट झालेल्या. पाच घरांची भांडी रोज या दोन हातांखालून जात. एकेका घरात सकाळ-संध्याकाळची तीस-चाळीस भांडी धरली, तरी दिवसाचा हिशेब दीडशेच्या पुढे जातो.

या कामाचे मोल काय? आपल्या देशात घरकामाकडे 'काम' म्हणून पाहायलाच फार उशीर झाला. २००४ मध्ये कर्नाटकाने घरकामगारांसाठी किमान वेतन ठरवून दिले. असे करणाऱ्या पहिल्या राज्यांत त्याची गणना होते. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळ स्थापण्याचा कायदा केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांना सन्मानाचे काम मिळावे यासाठीचा करार १६ जून २०११ रोजी स्वीकारला. कागदावर ही पावले महत्त्वाचीच आहेत. परंतु मोरीपाशी उकिडवे बसून साचा घासणाऱ्या बाईपर्यंत कायद्याचा कागद क्वचितच पोहोचतो. तिथे आजही चालतो तो घराघराचा स्वभाव.

२०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागू झाली आणि आमच्या इमारतीत बाहेरून कामाला येणाऱ्यांचा प्रवेश बंद झाला. मुलगी तेव्हा घरूनच नोकरीचे काम करत होती. त्या दिवसांत साऱ्या शहराला केक करण्याची हौस आली होती. आमच्याही ओव्हनला विसावा नव्हता. केळ्यांचा केक, रव्याचा केक, गव्हाच्या पिठाचा केक. काही उत्तम, काही तळाला लागलेले. आणि प्रत्येक केकमागे एक साचा, एक ट्रे, दोन वाडगी, फेटण्याची कडी. घासायला आम्ही तिघेच. भांड्याला भांडे लागायचेच, आणि तसे ते आमच्या घरातही लागले. अखेरीस मुलीनेच फळ्यावर खडूने नियम लिहिला : 'ज्याने करपवले त्याने भिजवावे, ज्याने खाल्ले त्याने घासावे.' त्या नियमाने घरात शांतता आली. यजमान केक खाण्यात अग्रेसर असल्यामुळे घासण्यातही हळूहळू तरबेज झाले.

एका संध्याकाळी मुलीने साचा घासता घासता घड्याळ लावले. एका करपलेल्या साच्याला तिला पंचवीस मिनिटे लागली. ''अक्का हे पाच मिनिटांत करायच्या,'' ती म्हणाली, आणि जरा थांबून तिने विचारले, ''मग त्यांच्या पाच मिनिटांचे पैसे द्यायचे, की माझ्या पंचवीस मिनिटांचे?'' अर्थशास्त्राच्या कोणत्याही वर्गात विचारता येईल असा तो प्रश्न होता. आम्ही अक्कांचा महिना नियमाने पाठवत होतो. त्यांच्या उरलेल्या चार घरांपैकी दोन घरांनी 'काम नाही तर पगार नाही' असे कळवले, हे त्यांनी फोनवर सांगितले. आवाजात तक्रार नव्हती, हिशेब होता. भाडे, किराणा, नातीच्या शाळेची फी. त्या पुन्हा कामावर आल्या तेव्हा मुलीच्या हिशेबाने त्यांचा पगार वाढला होता, आणि 'ज्याने करपवले त्याने भिजवावे' हा नियम फळ्यावरून पुसला गेला नव्हता. तो अजूनही पाळला जातो. करपलेले भांडे कोरडे तसेच अक्कांच्या पुढ्यात टाकले जात नाही.

आपल्या महाकाव्यांतही एका घासलेल्या भांड्याची कथा आहे. वनवासात पांडवांना सूर्याने दिलेली थाळी द्रौपदीचे जेवण होईपर्यंत अन्न पुरवीत असे. एके दिवशी तिचे जेवण झाले, थाळी धुऊन झाली, आणि शिष्यांचा मेळा घेऊन दुर्वास ऋषी दारात उभे राहिले. श्रीकृष्णाने थाळी मागून घेतली. तिच्या काठाला भाजीचे एक पान चिकटून राहिले होते. तेवढ्याने विश्वाची भूक शमली, असे कथा सांगते. लहानपणी मला ही कथा श्रीकृष्णाच्या चमत्काराची वाटे. आता वाटते, की राजसूय यज्ञात ज्याने उष्टी पत्रावळी उचलल्या, त्यालाच थाळीच्या काठाशी काय उरते ते ठाऊक असणार. भांडी घासणाऱ्याचीच नजर त्या पानावर जाते.

पाण्याची गोष्ट सांगितल्याशिवाय बेंगळुरूतल्या भांड्यांची गोष्ट पुरी होत नाही. या शहराच्या कुशीत मोठी नदी नाही. सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून आणि जवळजवळ ५०० मीटर उंच चढवून कावेरीचे पाणी इथे आणले जाते. त्या योजनेचा पहिला टप्पा १९७४ मध्ये पुरा झाला. सासूबाई आणि कावेरी एकाच वर्षी या गावात आल्या, असे आम्ही थट्टेने म्हणत असू. जिथे कावेरी पोहोचत नाही तिथे कूपनलिकांचे जड पाणी वापरावे लागते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाला फेस येऊ देत नाहीत आणि धुतलेल्या साच्यावर वाळल्यावर पांढरे चट्टे ठेवतात. ते चट्टे मळाचे नसतात. कितीही साबण लावला तरी जात नाहीत, लिंबाची फोड फिरवली की जातात.

२०२४ च्या उन्हाळ्यात हजारो कूपनलिका आटल्या. मार्चमध्ये पिण्याचे पाणी गाड्या धुण्यास किंवा बागेला वापरल्यास ५००० रुपये दंड, असे जलमंडळाने जाहीर केले. टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या त्या दिवसांत साचा घासण्याची रीत बदलली. तेलकट साचा आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसायचा, म्हणजे तेल मोरीत जात नाही आणि निम्मे पाणी वाचते. तांदूळ धुतलेले पाणी भिजवण्यासाठी ठेवायचे. शेवटचे विसळलेले पाणी बादलीत धरून झाडांना घालायचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला आणि शहराच्या कडेच्या अनेक गावांना पाणी मिळू लागले. आमच्या मोरीतली बादली मात्र तिथेच राहिली. अक्कांनी ती हलवू दिली नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात अक्कांनी एक दिवस जरा संकोचाने तो गोल साचा मागितला. नातीचा दहावा वाढदिवस होता आणि तिला केक विकतचा नको होता, घरी केलेला हवा होता. त्यांच्याकडे ओव्हन नाही. कुकरच्या तळाशी जाड मिठाचा थर घालायचा, त्यावर एक कडे ठेवायचे, झाकणाची रबराची चकती आणि शिटी काढून ठेवायची आणि मंद आचेवर केक भाजायचा, हे मुलीने त्यांना समजावून दिले. ''साचा तसाच परत आणा, घासायचं आमच्याकडे राहू द्या,'' मी म्हणाले. त्या हसल्या, हो किंवा नाही काहीच बोलल्या नाहीत.

दोन दिवसांनी साचा परत आला. आपल्याकडे दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करत नाहीत. साच्यात वर्तमानपत्राच्या कागदावर केकचे तीन तुकडे होते, घरातल्या तिघांसाठी. तळ लख्ख होता, बाहेरचे ओघळ गेलेले होते. वरच्या काठाशी ती काळी कड मात्र जशीच्या तशी होती. माझी नजर तिकडे गेलेली पाहून अक्का म्हणाल्या, ''ती अज्जींची आहे. मी हात लावला नाही.''